बाबांची गोळी बंद, मग आईचीही?

"माझे बाबा ७३ वर्षांचे. रक्तदाब आहे, बाकी तब्येत ठणठणीत. हृदयविकाराचा झटका कधी आलेला नाही, पण 'रक्त पातळ राहावं' म्हणून गेली दहा वर्षं रोज अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी घेत होते. आई ६९ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिला झटका आला, दोन स्टेंट बसले. तीही तीच गोळी घेते. बाबांना मोबाइलवर वैद्यकीय बातम्या वाचायचा नाद आहे. गेल्या आठवड्यात 'अ‍ॅस्पिरिनचा उपयोग नाही, उलट रक्तस्रावाचा धोका' असं वाचून त्यांनी स्वतःची गोळी बंद केली आणि आईचीही काढून ठेवली. आईने त्यावर कडी केली. पाय दुखतात म्हणून कोलेस्टेरॉलची गोळीही सोडली. त्यातच थायरॉइडच्या तपासणीत तिचा टीएसएच ६.२ आला आहे. रिपोर्टात तो आकडा ठळक छापलाय, त्यामुळे 'माझा थकवा थायरॉइडचाच, गोळी सुरू करा' असा तिचा धोशा. बाबांनी आता रक्तदाब १२० च्या खाली आणायचं मनावर घेतलंय, दिवसातून सहा वेळा मोजतात. डॉक्टरांना नवं संशोधन ठाऊक नसतं असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं संशोधनच आज एक सांगतं, उद्या उलटं. कुणाचं ऐकायचं?" – एक मुलगी

पुढचं वाचण्याआधी आईच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावा. आजच. आईने कुठल्या दोन गोळ्या सोडल्यात आणि किती दिवस झाले, एवढं सांगा. त्या पुन्हा कशा सुरू करायच्या ते विचारा. पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका. छातीत दुखणं, दम लागणं, घाम फुटणं यांतलं काही झालं तर फोनही नको, थेट रुग्णालय. बाबांच्या गोळीचं बोलायला सवड आहे, आईच्या गोळीचं नाही.

झाला फोन? मग आता निवांत बोलू.

बाबांनी वाचलेली बातमी खोटी नव्हती, हे आधी कबूल करतो. त्यातला एक तुकडा मात्र मथळ्याने गिळला. तो तुकडा असा: 'ज्यांना आधी हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला नाही अशा लोकांमध्ये'. हे नऊ शब्द गेले आणि बाबांनी वडाची साल पिंपळाला लावली.

दोघांचा फरक आकड्यांत बघा. २००९ साली अ‍ॅस्पिरिनच्या अनेक चाचण्या एकत्र करून त्यांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. ज्यांना आधी झटका किंवा पक्षाघात येऊन गेलाय, म्हणजे तुमच्या आईसारखे, अशा १०,००० जणांत अ‍ॅस्पिरिनशिवाय वर्षाला सुमारे ८२० जणांना पुन्हा हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा गंभीर त्रास झाला. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत ६७० जणांना. दीडशे माणसं वाचली. ज्यांना आधी काहीच झालेलं नाही अशा १०,००० जणांत हेच आकडे ५७ आणि ५१. इथे वाचली सहा. आणि या दुसऱ्या गटात पोटातला किंवा मेंदूबाहेरचा मोठा रक्तस्राव गोळीमुळे वर्षाला साधारण तीन जणांना जास्तीचा झाला. दीडशेच्या समोर रक्तस्रावाचा धोका पत्करणं आणि सहाच्या समोर पत्करणं, हे दोन वेगळे व्यवहार आहेत. गोळी तीच, कदाचित एकाच पाकिटातून फोडलेली.

फायदा आणि रक्तस्राव यांची फारकत का करता येत नाही, तेही समजून घ्या, कारण 'पोटाला न लागणारं अ‍ॅस्पिरिन' शोधण्यात लोकांची वर्षं जातात. रक्त गोठवायला धावून येणाऱ्या प्लेटलेट नावाच्या बारीक कणांमधलं एक विकर (एन्झाइम) ही गोळी कायमचं निकामी करते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे ती नवं विकर बनवू शकत नाही. आठ-दहा दिवसांचं तिचं आयुष्य ती तशीच काढते. म्हणून इतकी छोटी गोळी दिवसातून एकदाच पुरते. पण त्याच विकरातून तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं जठराच्या अस्तराची राखणही करत असतात. अ‍ॅस्पिरिन त्यांना अडवतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. गुठळी होऊ न देणारा गुण आणि पोटात रक्त सुटण्याचा दोष हे एकाच कामाचे दोन परिणाम आहेत. गोळीवर लेप चढवला तरी ती शेवटी रक्तातच जाते.

आता बाबांचं. त्यांच्या वयाच्या लोकांवरच एक मोठी चाचणी झाली आहे, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत, नाव अ‍ॅस्प्री, निकाल २०१८ चा. १९,११४ माणसं, बहुतेक सत्तरीच्या पुढची, आधी हृदयविकार नसलेली, बरीचशी तुमच्या बाबांसारखीच ठणठणीत. अर्ध्यांना रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, अर्ध्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. जवळपास पाच वर्षांनी पाहिलं तर धडधाकट जगण्यात काही फरक नव्हता, आणि मोठा रक्तस्राव मात्र हजारी २८ ऐवजी ३८ जणांना झाला होता. २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलानेही साठीनंतर निव्वळ खबरदारी म्हणून अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये असा सल्ला दिला.

म्हणजे बाबांची दिशा बरोबर आहे. पण घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतो असा एक धागा इथे आहे. अ‍ॅस्प्रीमधली बहुतेक माणसं आधीपासून अ‍ॅस्पिरिन घेणारी नव्हती. चाचणीने उत्तर दिलं ते 'सुरू करावी का?' या प्रश्नाचं. बाबांचा प्रश्न आहे 'दहा वर्षं घेतोय, थांबवावी का?' दोन्ही शेजारी-शेजारी असले तरी एक नाहीत. शिवाय दहा वर्षांपूर्वी ती गोळी लिहून देताना डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर काय होतं? मानेच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर दिसला होता का? पाच मिनिटं बोबडी वळून आपोआप बरं झाल्याची एखादी विसरलेली घटना? तसं काही असेल तर बाबा उठून आईच्या रांगेत जाऊन बसतात. तसं काही नसेल, तर त्यांचे डॉक्टर बहुधा त्यांच्याशी सहमत होतील. मग बाबांना काय तो आनंद होऊ द्या.

आणि आईच्या बाबतीत संशोधन थांबलेलं नाही बरं का. तिथे 'गोळी हवी का' हा वाद नाही, 'कुठली हवी' हा आहे. दक्षिण कोरियात स्टेंट बसवलेल्या पाच हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या एका चाचणीत, निकाल २०२१, दीर्घकाळ एकच गोळी द्यायची तर अ‍ॅस्पिरिनपेक्षा क्लोपिडोग्रेल हे गुठळी रोखणारं दुसरं औषध सरस ठरलं. उद्या आईचे डॉक्टर गोळी बदलतीलही. स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीत ठेवलेली धातूची जाळी. तिच्यावर गुठळी धरली तर जीवावर बेततं. तिथे काहीच न घेणं हा पर्याय आपण घरच्या घरी निवडायचा नाही.

'आज एक, उद्या उलटं' या तुमच्या तक्रारीवर थोडं बोलतो, कारण ती रास्त आहे. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर झालेल्या चाचणीचा अंतिम निकाल आला: एक दिवसाआड अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत हृदयविकाराचे पहिले झटके ४४ टक्क्यांनी कमी. चव्वेचाळीस! बाबांच्या पिढीला गोळ्या सुरू झाल्या त्यामागे हा आकडा होता. तो खरा होताच. पण तोच निकाल असाही सांगता येतो: १०,००० डॉक्टरांमागे वर्षाला साधारण ४४ झटके येत होते, ते २५ वर आले, आणि हृदयविकाराने होणारे एकूण मृत्यू काही घटले नाहीत. बातमी देणारा ४४ टक्के उचलतो, मी वर्षाला १९ माणसं उचलतो; दोघंही खोटं बोलत नाही. पुढच्या तीस वर्षांत स्टॅटिन, म्हणजे आईने सोडली तसली कोलेस्टेरॉलची गोळी, आली, रक्तदाबाचे उपचार सुधारले, धूम्रपान घटलं. झटक्यांचं मूळ प्रमाणच उतरलं, त्यामुळे अ‍ॅस्पिरिनला वाचवायला माणसं उरली कमी. रक्तस्राव मात्र होता तिथेच राहिला. औषध तेच राहिलं, ते घेणारी माणसं बदलली. याला मी संशोधन उलटणं म्हणत नाही.

कुठलीही बातमी घेऊन बाबा आले तर त्यांना दोनच प्रश्न विचारा. त्या चाचणीत तुमच्यासारखा माणूस होता का? आणि हजारात किती? टक्के नकोत, माणसं मोजा. बाबा चिडतील. चिडू द्या, पण पुढच्या वेळी तो मजकूर ते शेवटपर्यंत वाचतील.

आता आईचे पाय. इथे मला जरा जपून बोलायचंय, कारण 'तुझं दुखणं मनाचं आहे' असं कुणी म्हटलं तर माझंही डोकं फिरेल. आईचे पाय खरोखर दुखतात. प्रश्न एवढाच की ते गोळीतल्या रसायनाने दुखतात का.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये यावर एक सुरेख प्रयोग झाला, नाव सॅमसन, निकाल २०२० चा. स्टॅटिन सुरू केल्यावर त्रास झाला म्हणून ज्यांनी दोन आठवड्यांच्या आत गोळी सोडली होती असे ६० जण घेतले. प्रत्येकाला बारा महिन्यांच्या बारा बाटल्या. चारांत खरी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, चारांत हुबेहूब पण औषध नसलेली गोळी, आणि चार चक्क रिकाम्या. क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा. रोज फोनवर नोंद करायची: आज त्रास किती, शून्य ते शंभर. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८. स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. आणि औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत? १५.४. त्रास खरा होता, दुप्पट होता, पण त्याचा नव्वद टक्के भाग गोळी 'घेण्यातून' आला होता, स्टॅटिनमधून नव्हे. अपाय होणार या धास्तीने शरीर खरोखर दुखायला लागतं, याला नोसीबो म्हणतात. मला या प्रयोगातली सगळ्यात भावलेली गोष्ट पुढची: प्रत्येकाला त्याचा स्वतःचा आलेख दाखवला, आणि साठांपैकी निम्म्यांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केली. त्यांना कुणी उपदेश केला नव्हता. आपलीच वही त्यांनी आपल्या डोळ्यांनी वाचली.

एका छोट्या प्रयोगावर भिस्त नको म्हणाल, तर २०२२ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास लोकांच्या चाचण्या एकत्र करून हेच तपासलं गेलं. स्नायूदुखीची तक्रार स्टॅटिन गटात २७.१ टक्के लोकांनी केली, औषध नसलेल्या गोळीच्या गटात २६.६ टक्के लोकांनी. स्टॅटिन घेणाऱ्या पंधरा जणांनी तक्रार केली तर त्यांतल्या साधारण एकाचं दुखणं खरोखर स्टॅटिनचं, आणि तेही मुख्यतः पहिल्या वर्षात. तो एक जण तुमची आईही असू शकते, हे नाकारत नाही. पण तिने दोन वर्षं गोळी घेतली आहे. पाय आधीपासून दुखायचे की अलीकडे? दोन्ही सारखे दुखतात की एकच? चालताना पोटरी भरून येते आणि थांबल्यावर उतरते का? हे शेवटचं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, ते स्टॅटिनचं लक्षण नाही, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं असू शकतं, आणि तसं निघालं तर स्टॅटिनची गरज वाढते. लघवी गडद तपकिरी होणं किंवा खुर्चीतून उठताना मांड्यांत ताकदच नसणं ही दुर्मीळ पण खरी धोक्याची खूण. त्यात गोळी थांबवून तातडीने रक्ततपासणी. बाकी वेळी डोस कमी करणं, दुसरी स्टॅटिन देऊन बघणं, असे मार्ग डॉक्टरांकडे असतात. झटका येऊन गेलेल्या माणसाने ती सोडून द्यावी अशी ही गोळी नाही: वाईट कोलेस्टेरॉल दर ३९ मिलिग्रॅमने उतरलं की हृदयाच्या मोठ्या घटनांचा धोका साधारण पाचव्या हिश्शाने घटतो, आणि आईचा मूळ धोका मोठा आहे.

थायरॉइडचं थोडक्यात. ठळक छपाई म्हणजे निदान नव्हे. संगणक फक्त एवढंच सांगतो की आकडा ठरावीक चौकटीबाहेर आहे. टीएसएच वयाबरोबर थोडा चढतोच, आजारपणातून उठल्यावर काही काळ वर राहतो. आधी तो दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, सोबत टी४, म्हणजे खुद्द थायरॉइडचं संप्रेरक, सुद्धा. आई केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असेल तर रक्त देण्याआधी प्रयोगशाळेत सांगा, काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटा कमी येतो. पासष्टीपुढच्या, टीएसएच किंचित वाढलेल्या पण टी४ सरळ असलेल्या ७३७ जणांवरची ट्रस्ट ही चाचणी २०१७ मध्ये आली. वर्षभर थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) घेऊनही त्यांचा थकवा औषध नसलेल्या गोळीपेक्षा रतिभरही कमी झाला नाही. गंमत म्हणजे त्या दुसऱ्या गटाचा टीएसएच काही न करता सरासरी ६.४ वरून ५.५ च्या आसपास उतरला होता. आईचा ६.२ नेमका त्या टापूतला. तो दहाच्या वर गेला किंवा टी४ घसरला तर गोष्ट वेगळी. थकव्यासाठी हिमोग्लोबिन, झोप, आणि झटक्यानंतर मनात बसलेली भीती, हे आधी चाचपायला सांगा. त्या शेवटच्या गोष्टीबद्दल तिला कुणी विचारलंय का दोन वर्षांत?

बाबांचा १२०. हा आकडा अमेरिकेतल्या स्प्रिंट चाचणीतून आला, २०१५ साल, ९,३६१ माणसं. वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवायचं ध्येय धरलं तर हृदयविकार, पक्षाघात वगैरे वर्षाला शंभरी २.१९ वरून १.६५ वर आले. चांगला निकाल आहे. मधुमेह असलेले आणि पक्षाघात होऊन गेलेले त्यात नव्हते, आणि कडक उपचाराच्या गटात रक्तदाब फार उतरणं, शुद्ध हरपणं, मूत्रपिंडाला अचानक इजा हे प्रकार जास्त झाले. पण मला बाबांना विचारायचंय ते वेगळंच: तुम्ही मोजता कसा? स्प्रिंटमध्ये माणसाला पाच मिनिटं गप्प बसवून स्वयंचलित यंत्राने तीनदा मोजून सरासरी काढत. त्या पद्धतीचा १२० आणि जिना चढून आल्या आल्या मोजलेला १२० यांची तुलनाच होत नाही.

मी स्वतः गेल्या महिन्यात बोलता बोलता, हात मांडीवर टाकून मोजला: १४६. दहा मिनिटांनी, हात टेबलावर: १३३. अमेरिकेत हे रीतसर मोजलं गेलंय. २०२४ च्या एका अभ्यासात हात मांडीवर असताना वरचा आकडा सरासरी ३.९ ने जास्त आला, आणि बाजूला लोंबता असताना ६.५ ने. २०२३ च्या दुसऱ्या अभ्यासात मोठा पट्टा लागणाऱ्या दंडाला नेहमीचा पट्टा बांधल्यावर आकडा ४.८ ने फुगला. त्याहूनही मोठा लागणाऱ्यांना तब्बल १९.५ ने. एवढ्या फरकावर माणसाला एक गोळी वाढवून मिळते! तेव्हा बाबांना सांगा: सहा वेळा नको. सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, दोन-दोनदा, आठवडाभर. लघवीला जाऊन या, पाठ टेकवा, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर, तोंड बंद. आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी सकाळी की रात्री, हा वादही त्यांनी वाचला असेलच. ब्रिटनमध्ये २१,१०४ जणांवर पाच वर्षं तपासून २०२२ मध्ये निकाल लागला की फरक पडत नाही. जी वेळ विसरणार नाही ती खरी.

डॉक्टरांना नवं संशोधन ठाऊक नसतं, या बाबांच्या मताशी मी भांडत नाही. काहींना खरंच नसतं. पण बाबांना मात्र तो मथळा त्यांच्यापुढे धरून 'हे बघा' असं म्हणायला सांगू नका. 'मला ही गोळी कशासाठी दिली होती, आणि ते कारण अजून आहे का?' असं विचारायला सांगा. या प्रश्नाला बगल देणारा डॉक्टर मला फार कमी वेळा भेटला. आईसाठी वेगळी भेट घ्या, दोघांची एकत्र नको. नाहीतर आईच्या वेळेतही बाबाच बोलतील.

आईच्या दोन्ही गोळ्यांचं काय ठरलं, ते दोन ओळींत कळवा. बाबांच्या वहीतला आठवड्याचा आकडाही बघायला आवडेल.